‘तुमच्यात असंच असतं का?’

आमच्या सोलापुरात महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही आठ-दहा जण जमतो. जागा ठरलेली नाही. कधी कुणाच्या हॉलमध्ये, कधी गच्चीवर. महिनाभरात वाचलेल्या एका पुस्तकावर प्रत्येकानं दहा मिनिटं बोलायचं, एवढाच कार्यक्रम. लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार सांगायचे नाहीत, ते मोबाइलवर सापडतं. पुस्तक वाचताना आपलं काय झालं, ते सांगायचं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, कन्नड शाळेत शिकवलेल्या एक बाई आहेत, कॉलेजची दोन-तीन मुलं आहेत, एक मेडिकलवाले आहेत. मुसलमान मी एकटाच.

काही महिन्यांपूर्वी मी बानू मुश्ताक यांचं ‘हार्ट लॅम्प’ घेऊन गेलो. मूळ कन्नडमधल्या बारा कथा. दीपा भास्ती यांनी त्या इंग्रजीत नेल्या आणि २०२५चं आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक या पुस्तकाला मिळालं. कथासंग्रहाला ते पहिल्यांदाच मिळालं. नियम मोडून मी हे सांगितलंच. लेखिका शेजारच्या राज्यातली, हासनची, पेशानं वकील आणि आपल्यातली. थोडा मिरवायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू?

मग शीर्षककथा सांगितली. मेहरुनचा नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागलाय. ती तान्हं मूल घेऊन माहेरी येते. भाऊ अब्रूची भाषा करतात आणि तिला परत नवऱ्याच्या घरी पोचवून येतात. रात्री ती अंगावर रॉकेल ओतून घेते. थोरली लेक सलमा मध्ये पडते, म्हणून ती वाचते.

मी थांबलो. काकांनी चष्मा पुसत विचारलं, “तुमच्यात असंच असतं का हो?”

काकांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. दर ईदला शिरखुर्म्यासाठी आमच्या घरी येणारा माणूस आहे तो. पण प्रश्न कानावर पडला आणि माझ्यातला वाचक उठून निघून गेला, त्याच्या जागी समाजाचा प्रतिनिधी येऊन बसला. आता मुली शिकतायत, परिस्थिती बदलतेय, रॉकेल काय फक्त आमच्याच घरात असतं का, हुंड्यासाठी कोण जळतं, असं बरंच बोललो. दहाची वीस मिनिटं झाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुस्तक पिशवीत तसंच राहिलं.

घरी जाताना आठवलं, आदल्या वर्षी आमच्याकडे तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’वर चर्चा झाली होती. त्यात एका घरातली माणसं पैशासाठी एकमेकांचे लचके तोडतात. तेव्हा कुणी शेजाऱ्याकडे वळून ‘तुमच्यात असंच असतं का?’ असं विचारलं नव्हतं. मीही नाही. माणूस इतका खाली कसा जातो, यावर रात्री उशिरापर्यंत बोलणं झालं होतं. ते घर ‘माणसांचं’ होतं. मेहरुनचं घर मात्र ‘मुसलमानांचं’ ठरलं.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या एका दोस्तापाशी हे बोललो. तो म्हणाला, “आपली धुणी चव्हाट्यावर धुणारी पुस्तकंच ही लोकं उचलून धरतात. तू कशाला नेलंस?” मी विचारलं, “तू वाचलंयस?” त्यानं वाचलं नव्हतं. काकांनीही वाचलं नव्हतं. पुस्तकात मुसलमान समाज कसा आहे याचा दाखला आहे, यावर दोघांचं न वाचताच एकमत होतं. एकाला तो दाखला हवा होता, दुसऱ्याला नको होता.

खुद्द बानू मुश्ताक यांनी हे दोन्हीकडून सोसलंय. २०००च्या सुमारास, बायकांनाही मशिदीत नमाजला जाता यावं असं म्हटल्याबद्दल त्यांच्यावर बहिष्कार टाकला गेला. २०२५मध्ये म्हैसूरच्या दसऱ्याच्या उद्घाटनाला त्यांना बोलावलं, तर मुसलमान बाई का म्हणून लोक कोर्टात गेले. कोर्टानं याचिका फेटाळली आणि उद्घाटन त्यांच्याच हातून झालं. एकदा त्या पुरेशा मुसलमान नव्हत्या आणि एकदा जरुरीपेक्षा जास्त मुसलमान होत्या.

याच सोलापुरात १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आपलं जगणं आपण लिहायचं, ही त्यामागची ओढ. लिहिणारे लिहितायत. पण ते वाचायचं कसं, हे आपण आणि इतरांनी मिळून अजून शिकायचंय.

आठवड्यानं कन्नडच्या बाईंचा फोन आला. बानूंच्या कथेवरचा गिरीश कासारवल्लींचा ‘हसीना’ सिनेमा त्यांनी पाहिलेला, कथाही मूळ कन्नडमधून वाचलेल्या. म्हणाल्या, “परवा तुम्ही पुस्तकावर बोललाच नाहीत. वकिली केलीत. तुम्हाला कुठली कथा लागली, ते राहूनच गेलं.”

लागलेली कथा होती आणि ती मी मुद्दामच सांगितली नव्हती. ती कफनाची. शाजिया ही पैसेवाली बाई हजला निघते. यासीन बुआ नावाची गरीब म्हातारी पै-पै साठवलेले पैसे तिच्या हातात देते. तिकडून माझ्यासाठी झमझमच्या पाण्यात भिजवलेलं कफन आण, म्हणते. शाजिया खरेदीच्या नादात विसरते. एक दिवस म्हातारी मरते आणि तिचा मुलगा कफन मागायला दारात येतो.

बाईंचा फोन ठेवल्यावर त्याच रात्री मी ती अम्मीला सांगितली. अम्मीला उर्दू वाचता येतं, मराठी-इंग्रजी नाही. इशाची नमाज झाली होती, ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी आमच्या दखनीत सांगत गेलो. मध्येच तिचे हात थांबले.

“पैसे लेके भूल गई?”

“हौ.”

“और बेटा आया मांगने?”

“हौ.”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग जे बोलली, ते मी जन्मात ऐकलं नव्हतं.

अम्मी-अब्बा हजला गेले, तेव्हा गल्लीतल्या ओळखीच्या सगळ्यांनी आपापली नावं कागदावर लिहून दिली होती, अरफातच्या मैदानात दुआ मागण्यासाठी. आमच्या मागच्या बोळात विड्या वळणाऱ्या एक खाला राहायच्या. त्यांचा मुलगा घर सोडून मुंबईला पळून गेला होता. खालांना लिहिता येत नव्हतं. त्या तोंडी सांगून गेल्या, “मेरे बच्चे का नाम लेके दुआ मांगना.” अरफातमध्ये अम्मीनं कागद काढला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. कागदावरच्या प्रत्येकासाठी रडून दुआ मागितली. खालांचा मुलगा कागदावर नव्हता.

परत आल्यावर खजूर घ्यायला खाला आल्या. विचारलं, “मेरे बच्चे का नाम ली ना?” अम्मी म्हणाली, “हौ.”

वर्षभरानं मुलगा परत आला. अम्मी म्हणाली, “मरते दम तक मेरा एहसान मानती रही. हर ईद को पहले मेरे घर आती थी. मैं उससे आंख नै मिला सकी.”

मी विचारलं, “हे आमच्या मंडळींना सांगू का?” तिनं थोडा विचार केला. “बोल. पर खाला का नाम नको ले.”

पुढच्या रविवारी मी परत तेच पुस्तक नेलं. एकच पुस्तक दोनदा आणायचं नाही असा काही नियम नव्हता. कफनाची कथा सांगितली आणि मागोमाग अम्मीची. खाली रस्त्यावर कुणाची तरी बुलेट गेली, तेवढाच आवाज. काकांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता परत तोच प्रश्न येणार.

“मग आईंनी त्यांना कधी खरं सांगितलं का?”

“नाही. खाला वारल्या.”

“बरं झालं नाही सांगितलं,” काका म्हणाले. “म्हातारीचा आनंद गेला असता.”

कन्नडच्या बाई एकदम उसळल्या. “आनंद कसला? रोज ओझं कुणी वाहिलं? सांगितलं असतं तर त्या बाईनं माफ केलं असतं. माफ करायची संधीच दिली नाही तिला.” मेडिकलवाले काकांच्या बाजूनं, मुलं बाईंच्या. चहा गार झाला. इतर कुणाच्या पुस्तकाची पाळीच आली नाही. त्या तासाभरात ‘तुमच्यात’ आणि ‘आमच्यात’ हे शब्द कुणाच्याच तोंडी आले नाहीत, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

अम्मी जागीच होती. विचारलं, “क्या बोले लोगां?”

मी दोन्ही बाजू सांगितल्या. तिनं ऐकून घेतलं.

“वो टीचर बाई सही बोली,” ती म्हणाली. मग पाय वर घेऊन, भिंतीला टेकून बसली. “और कितनी कहानियां हैं उसमें?”

“बारा.”

“तो अगली सुना.”