वृद्धांचे डॉक्टर

मुलांनो, लहान मुलांचे वेगळे डॉक्टर असतात, तसे वृद्धांचेही असतात, हे तुम्हांला माहीत आहे का? या विषयाचे एम. डी. शिक्षण आपल्या देशात मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली सुरू झाले. किती उशीर! मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर पाहणी केली. ७२ हजारांहून अधिक प्रौढ व वृद्ध तिच्यात होते. नुसते प्रश्न विचारले नाहीत; हाताची पकड, चालण्याचा वेगही मोजला. पकड सैल होणे ही अशक्तपणाची खूण असते.

माझ्या दादी चालताना अडखळत. एक डॉक्टर म्हणाले, "वय झाले." वृद्धांचे आजार शिकलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांची पकड पाहिली, त्यांना चालवून पाहिले, सगळ्या गोळ्या मागवल्या आणि झोपेची गोळी हळूहळू बंद केली. आता दादी शेजारच्या गल्लीत एकट्या जाऊन येतात.