दाब, धर, सोड

इंदापूर तालुक्यात फियाटला कुणी परकी गाडी मानलं नाही, आणि त्याला कारणही होतं. नीरेच्या खोऱ्यात कळंबजवळ ऊसमळे, साखर कारखाना आणि त्याभोवतीचं वालचंदनगर ज्यांनी उभं केलं, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी व्हायची. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, फियाट ११०० रस्त्यावर आली आणि सत्तरच्या दशकात तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईकरांसाठी ती टॅक्सी होती. आमच्याकडे ती वालचंदशेठची गाडी होती.

आमच्या सणसरच्या वस्तीवर आली ती फियाट सेकंडहँड होती. डॉक्टर, अडते, कारखान्याचे पदाधिकारी यांच्याकडे फियाट नाही तर अँबेसिडर, मोठ्या बागायतदाराकडे जीप आणि बाकी सगळ्यांना एसटी, असा तो काळ. गाडी घेणं अवघड होतं, ती चालती ठेवणं त्याहून अवघड, आणि सगळ्यात अवघड होतं ती हवी तिथे थांबेल अशी ठेवणं.

चारही चाकांना ड्रम ब्रेक. झाकण घातलेल्या पातेल्यासारखा ड्रम चाकाबरोबर फिरायचा. आत दोन अर्धगोल ब्रेक शू आणि शूवर रिव्हेटनं बसवलेलं लायनर. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं व्हील सिलिंडर शूंना बाहेर ढकलायचा आणि लायनर ड्रमला आतून घासायचं. रचना साधी, पण उतार आणि पाणी हे तिचे दोन वैरी. पुण्याला जायचं तर मोरगाव, जेजुरी, सासवड करत दिवे घाट उतरायचा. घाटात सारखा ब्रेक धरला की ड्रम तापून फुगायचा, लायनरपासून दूर सरायचा आणि पेडल खाली खाली जायचं. लायनर तापलं की त्याची पकडही सुटायची. म्हणून आमचे आण्णा घाटमाथ्यावरच गिअर उतरवायचे आणि इंजिनच्या धाकात गाडी खाली आणायचे. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली की ड्रमात पाणी शिरायचं. पलीकडच्या काठाला लागल्यावर काही अंतर पेडलवर हलका पाय ठेवून लायनर वाळवून घ्यायचं, मगच वेग धरायचा. हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं, शेजारी बसून पाहिलेलं होतं.

बारामतीत भिगवण रस्त्याला पत्र्याच्या शेडमधलं एक गॅरेज आमचं ठरलेलं. ब्रेकचं काम निघालं की अख्खा दिवस तिथे जायचा आणि त्या दिवसाची मी वाट पाहायचो. मिस्त्री चाक काढायचे, ड्रमवर हातोडीचे बेतानं घाव घालून तो सैल करायचे आणि आतलं लायनर मला दाखवायचे. लायनर झिजून रिव्हेटची डोकी ड्रमला लागली असतील, तर ड्रमात गोल चरे पडलेले असायचे. मग ड्रम लेथवर. टर्नर चऱ्यांपुरताच धातू काढायचा, कारण जास्त काढला तर ड्रम पातळ होतो आणि घाटात लवकर तापतो. इकडे हेल्पर जुन्या रिव्हेट काढून शूवर नवं लायनर ठोकत असायचा. व्हील सिलिंडरचं रबर फुगलं असेल तर नवं किट. ते बारामतीत मिळालं नाही तर पुण्याच्या नाना पेठेतून एसटीनं मागवायचं, आणि तोवर गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी.

सगळं बसवून झालं की शेवटचं काम ब्रेकच्या पाइपातली हवा काढायचं, आणि ते माझं. मी ड्रायव्हरच्या सीटवर. पाय पुरत नसे, म्हणून पुढे सरकून, स्टिअरिंगला धरून बसायचं. मिस्त्री सगळ्यात लांबच्या चाकापाशी, म्हणजे मागच्या डाव्या चाकाखाली. तिथून आवाज यायचा, “दाब… दाब… धर!” मी पेडल दाबून धरायचो. ते निपल सैल करायचे, बुडबुड्यांसकट ऑइल बाटलीत यायचं, पेडल माझ्या पायाखालून खाली जायचं. निपल आवळून झालं की, “सोड.” असं करत चारही चाकं. पेडल दगडासारखं घट्ट लागलं की मिस्त्री मला उतरवायचे. आण्णांनाही बाजूला उभं करायचे आणि पहिली चक्कर एकटे मारून यायचे. ज्यानं ब्रेक बसवला त्यानं पहिल्यांदा स्वतः तपासायचा, आणि तोवर गाडीत दुसरं कुणी बसायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता आणि कधी मोडलेलाही मी पाहिला नाही.

त्या दिवसांवर माझं प्रेम आहे, पण त्या ब्रेकवर नाही. कित्येक गाड्यांत ब्रेक ऑइलची एकच वाट असायची. एका चाकापाशी गळती लागली की चारही चाकांचा ब्रेक जायचा. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारून आतली काळी धूळ उडवली जायची आणि शेडमधली सगळी माणसं ती श्वासावाटे आत घ्यायची. ती धूळ फुप्फुसांत बसते आणि वर्षानुवर्षांनी जीवघेणे आजार करते, हे त्या पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. जुनं ते सोनं म्हणताना ही धूळ विसरणं बरं नाही.

आज रस्ता तो नाही आणि गाडीही ती नाही. भिगवण, इंदापूरवरून जाणारा सोलापूर महामार्ग चौपदरी झाला. तुकोबांची पालखी ज्या वाटेनं बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, ती वाटही रुंद झाली. ज्या रस्त्यावर फियाट चाळीस-पन्नासनं जायची, तिथे शंभरचा वेग कुणाला वेग वाटत नाही. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होत नाहीत, स्टिअरिंग हाताखाली राहतं. ब्रेक ऑइलच्या वाटा दोन झाल्या, एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते. पुढच्या चाकांना डिस्क येऊन बरीच वर्षं झाली. आता क्रेटा, सेल्टोस, एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांतून मागच्या चाकांनाही ती आली. डिस्क उघडी असते, वाऱ्यावर गार होते आणि अंगावरचं पाणी फिरता फिरता फेकून देते. दिवे घाट आणि ओढा, दोघांचीही भीती तिनं घालवली.

पण ओळखही गेली. जुना ब्रेक बोलायचा. गाडी एका अंगाला ओढायची, पेडल खाली जायचं, चाकातून करकर यायची. नवा ब्रेक इतका निमूटपणे काम करतो की तो आहे हेच आपण विसरतो. मागच्या डिस्कबाबत तर हे जास्तच. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकं करतात. मागची डिस्क कमी घासते आणि म्हणूनच आमच्या भागात जास्त गंजते. रानातल्या काळ्या मातीचा चिखल तिच्यावर वाळतो. मुरमाच्या रस्त्यावरचा बारीक खडा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये अडकतो. डिस्कला घासणारं पॅड संपत आलं की त्यावरची पत्र्याची जीभ डिस्कला लागून किंचाळते, पण काचा बंद आणि एसी चालू असला की तीही ऐकू येत नाही.

आमच्या आत्ताच्या गाडीच्या मागच्या डिस्कच्या कडेला गंजाचा काठ चढलेला दिसला, पॅडही पातळ झालेली होती. प्रत्येक डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर लावून मोजलं तर ती हद्द जवळ आली होती. ठरवलं की हे काम वस्तीवरच, शेडच्या कोब्यावर करायचं. सामान कुरिअरनं दारात आलं. पुतण्या बारामतीच्या एमआयडीसीत असेंब्ली लाइनवर आहे, तो टॉर्क रेंच घेऊन आला. माझी मुलगी कॉलेजातून आली आणि बाह्या सारून शेजारी बसली.

काम सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे. गाडी सपाटीवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक सोडलेला. आमच्या गाडीत हँडब्रेक बटणावरचा आहे. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या मागच्या कॅलिपरमधली छोटी मोटर पिस्टन धरून ठेवते. म्हणून आधी स्कॅनर जोडून गाडीला सर्व्हिस मोडमध्ये टाकायचं, म्हणजे मोटर मागे फिरते. ते न करता पिस्टन जोरानं ढकलला तर मोटरचे दाते मोडतात. ज्या गाड्यांना वायरचा हँडब्रेक आहे, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत मागचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत आत घालावा लागतो. पुढच्या चाकाचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. मग जॅक, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, आणि काढलेलं चाक चॅसिसखाली आडवं सरकवून ठेवायचं. कोबा नसेल, काळ्या मातीवर काम असेल, तर जॅकखाली जाड फळी हवीच, नाहीतर जॅक भारानं खचतो. कॅलिपर काढला की तो तारेनं स्प्रिंगला टांगायचा. ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत ठेवला तर पाइप आतून फाटतो आणि बाहेरून कळत नाही. आमची डिस्क गंजानं हबला घट्ट धरून बसली होती. तिच्यात त्यासाठीच आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट सारखे सारखे आवळत गेलं की डिस्क सुटून पुढे येते. हब वायर ब्रशनं लख्ख करायचं, कारण मागे गंजाची खपली राहिली तर नवी डिस्क तिरकी बसते आणि पेडल थरथरतं. नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसायचा. कॅलिपरच्या पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं आणि त्याचा डाग पॅडवर पडू द्यायचा नाही. पिस्टन आत जाताना ऑइल वरच्या डब्यात चढतं. तो भरून वाहिला तर ऑइल रंग खातं, म्हणून मुलीनं तिथे फडकं धरलं. ब्रश मारताना तिघांच्याही तोंडाला मास्क होते आणि धूळ ओल्या फडक्यानं टिपली. हवा मारली नाही. त्या शेडमधल्या पोरांना हे मिळायला हवं होतं.

बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा दोन काळ शेजारी उभे राहिले. आमचे मिस्त्री पाना मनगटानं ओळखायचे, कुठे थांबायचं ते हाताला कळायचं. पुतण्यानं कंपनीनं दिलेला आकडा रेंचवर लावला, ‘कट्’ असा आवाज आला आणि तो थांबला. मनगटाची जाण मोठी होती, पण ती एका माणसाची होती आणि त्याच्याबरोबर गेली. आकडा कुणालाही देता येतो. मुलीनं पहिला बोल्ट आवळला तोही पुतण्याइतकाच घट्ट बसला, हे मला फार आवडलं.

ऑइलही जुनं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. ताजं डॉट ४ ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं मात्र १५५ च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. मुलगी सीटवर बसली, मी मागच्या डाव्या चाकाशी. दाब, धर, सोड. तिचे पाय आरामात पोचत होते. सर्व्हिस मोड काढून, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून झाल्यावर मी दोघांनाही खाली उभं केलं आणि पहिली चक्कर एकट्यानं मारली. रिकाम्या रस्त्यावर वेग धरायचा, मध्यम ब्रेकनं कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग. असं काही वेळा केलं की पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो आणि पकड येते.

हे काम प्रत्येकानं घरी करावं असं मी म्हणणार नाही. हात बसलेला नसेल तर जाणत्या मिस्त्रीकडेच जावं. पण चाक काढून आत पाहणं, पॅड किती उरलंय ते ओळखणं, ऑइल कधी बदललं हे ठाऊक असणं, एवढं प्रत्येक गाडीवाल्या घरात हवं. गळीत हंगाम सुरू झाला की सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या वाटांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरवर चिखल असतो. वळणावर ती ट्रॉली अचानक पुढे उभी राहते, तेव्हा आपण चांगले ड्रायव्हर आहोत याचा उपयोग ब्रेक चांगला असेल तरच होतो.

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हार घालतो, हळदीकुंकू वाहतो. पूर्वी त्या सुमाराला गॅरेजात चाकं उतरायची. पाऊस संपलेला आणि हंगाम तोंडावर असायचा. ती रीत पुन्हा सुरू करू या. पूजेच्या आदल्या दिवशी घरातल्या पोरीपोरांना सोबत घेऊन चारही चाकं उघडायची, त्यांच्या हातात पाना द्यायचा, पॅड दाखवायचं, आणि हार घालायचा तो त्यानंतर.