वाघीण रिकामी कशी होते

मनमाड, 4 नोव्हेंबर
सकाळी भुसावळकडून कोळशाचा रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी गाडी, आला आणि लूपमध्ये, बाजूच्या रुळावर, उभा राहिला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा माल. पादचारी पुलावरून पाहिले तर उघड्या वाघिणींची ओळ संपता संपत नाही. एका रेकमध्ये 58-59 वाघिणी, कोळसा जवळपास चार हजार टन. पत्र्यावर जात लिहिलेली: बॉक्सएन. ‘बी’ म्हणजे बोगीवर चालणारी, ‘ओ’ म्हणजे उघडी, ‘एन’ म्हणजे हवेच्या दाबाचा ब्रेक.

शेजारचे अण्णा वाघिणी तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, “ताई, माल भरतात कसा ते नंतर बघा. आधी उतरवतात कसा ते बघा. वाघिणीचा आकार तिथं ठरतो.”

बॉक्सएन वीजकेंद्रात पोचली की टिपलर तिला घट्ट पकडतो आणि रुळाच्या तुकड्यासकट जवळजवळ उलटी करतो. दुसरी जात तळाला दारे असलेली, कागदावर बीओबीआरएन, यार्डातल्या माणसांच्या तोंडी बॉबर. तिची दारे हवेच्या दाबाने उघडतात. खाली खड्डा असेल तर गाडी संथ चालत राहते आणि कोळसा आपोआप रिता होतो. मात्र जिथे असा खड्डा नाही तिथे ही वाघीण कोळशासाठी निरुपयोगी. कोळसा दोन्हींत तोच, पण पलीकडच्या टोकाला काय बांधले आहे त्यावर कोणती पाठवायची ते ठरते.

7 नोव्हेंबर
अन्न महामंडळाच्या गोदामाकडे पंजाबचा गहू आला आहे. बीसीएन, म्हणजे पत्र्याने पूर्ण झाकलेली वाघीण, कडेला दारे. धान्याला पाऊस नको, चोरी नको, म्हणून छत. पण छतामुळे क्रेनला आत शिरता येत नाही आणि उलटवायची सोयही उरत नाही. म्हणून इथे अजून माणसाची पाठच लागते. एका वाघिणीत साठेक टन, म्हणजे पन्नास किलोची बाराशे पोती. 42 वाघिणींचा रेक धरला तर पन्नास हजार. ठरलेल्या तासांत रेक रिकामा झाला नाही तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागतो, म्हणून मुकादमाची नजर सतत घड्याळावर. हमाल दारात पाठ देतो, आतले दोघे पोते टाकतात, तो वळतो. या वाघिणीच्या रचनेत हमालाचे श्रम गृहीत धरलेले आहेत, आणि त्याबद्दल मालधक्क्यावर साधी सावली आणि प्यायचे पाणी तरी नीट मिळावे, असे मला मनापासून वाटते.

12 नोव्हेंबर
पानेवाडीकडून टाक्यांचा रेक गेला. बीटीपीएन: पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांच्यासाठी. भरायचे वरच्या झाकणातून, रिकामे करायचे तळाच्या व्हॉल्व्हमधून. द्रवाला स्वतःचे वजनच खाली आणते.

स्वयंपाकाच्या गॅसची टाकी मात्र वेगळी. गॅस दाबाखाली द्रवरूपात ठेवलेला असतो, म्हणून पत्रा जाड आणि सगळे व्हॉल्व्ह वरच्या घुमटात. तळाला भोकच नाही, कारण तिथे गळती लागली तर सगळे संपले. लांबून दोन्ही टाक्या बहिणी वाटतात. एकीला तळाशी वाट दिली आहे, दुसरीला ती मुद्दाम नाकारली आहे.

16 नोव्हेंबर
लासलगाव, निफाडकडे लाल कांद्याची आवक सुरू झाली. कांदा हा वाघिणीची परीक्षा घेणारा माल. त्याला ऊनपाऊस नको, म्हणून झाकलेली वाघीण हवी. त्याला वारा हवा, म्हणून झाकलेली वाघीण नको. बंद पत्र्यात रखडला की तो घामेजतो आणि सडू लागतो. इथे वाघिणीपेक्षा वेळ महत्त्वाचा.

म्हणून 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरकडे पहिली किसान रेल निघाली तेव्हा तिला पार्सल व्हॅन जोडल्या होत्या. पार्सल व्हॅन म्हणजे प्रवासी डब्याच्या बांध्याचा मालडबा. त्याचे स्प्रिंग आणि ब्रेक प्रवासी गाडीच्या वेगाला चालतात, आणि गाडी वेळापत्रकाने धावते. वाटेत थोडा थोडा माल चढवता-उतरवता येतो, अख्ख्या रेकभर कांदा एका शेतकऱ्याला गोळा करावा लागत नाही. त्या वर्षीच्या 28 डिसेंबरला शंभरावी किसान रेल सांगोल्याहून शालिमारला सुटली. नाशवंत मालाला योग्य डबा मिळाला तर लहान शेतकऱ्यालाही दूरची बाजारपेठ गाठता येते, हे त्या गाड्यांनी दाखवून दिले.

21 नोव्हेंबर
अण्णांबरोबर जुन्या मीटरगेज यार्डाच्या बाजूने चालत गेले. औरंगाबादकडची लाइन मीटरगेज होती तोवर इथे प्रत्येक पोते दोनदा उचलले जाई: छोट्या वाघिणीतून काढायचे, मोठ्या वाघिणीत भरायचे. रुळांमधले अंतर बदलले की माल थबकायचा. ब्रॉडगेज झाल्यावर ते संपले.

आज रूळ आणि रस्ता यांच्या सांध्यावरची तशीच दुहेरी उचल कंटेनर टाळतो. कंटेनरची वाघीण, बीएलसी, म्हणजे नुसती सपाट चौकट. भिंती नाहीत, छत नाही, चार कोपऱ्यांना पेटी अडकवायचे खुंट. पेटी उचलून ट्रकवर ठेवली की झाले, आतल्या मालाला कोणी हात लावत नाही. तिची चाकेही नेहमीपेक्षा लहान: बॉक्सएनचे चाक 1000 मिलिमीटर व्यासाचे, हिचे 840. उंच पेटी विजेच्या तारांखालून जावी म्हणून फरशी खाली आणली.

25 नोव्हेंबर
दौंडमार्गे नव्या मोटारी घेऊन गाडी आली. डबे ओळखीचे, पण खिडक्या पत्र्याने बंद. हे एनएमजी: प्रवासी सेवेतून उतरलेले डबे. आतले बाक काढले, टोकांना दारे केली, आणि मोटारी एका डब्यातून दुसऱ्यात चालवत नेऊन रांगेत उभ्या केल्या. उतरवतानाही चालवतच बाहेर. जो माल स्वतः चालतो त्याला क्रेन नको, हमाल नको, फक्त सलग फरशी हवी.

हेच तत्त्व कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 पासून कोलाड-वेर्णा मार्गावर वापरले. भरलेला ट्रक सपाट वाघिणीवर चढतो, चालक ट्रकमध्येच बसतो आणि गोव्यात उतरून पुढे निघतो. घाटातले डिझेल वाचते, जिवाचा धोका टळतो.

एप्रिल 2021 मध्ये, करोनाच्या लाटेत, ही युक्ती प्राणवायूसाठी कामी आली. कळंबोलीहून रिकामे टँकर विशाखापट्टणमला गेले आणि भरून नागपूर, नाशिकला परतले. त्यासाठी डीबीकेएम नावाच्या कमी उंचीच्या वाघिणी निवडल्या, कारण वाघीण अधिक टँकर यांची उंची तारा आणि पूल यांच्याखाली बसायला हवी होती. घाटांतून जाणारा जवळचा रस्ता त्याच कारणाने सोडून वसई, सुरत, भुसावळ असा लांबचा वळसा घेतला. त्या दिवसांत काही मिलिमीटरांवर माणसांचे श्वास अवलंबून होते.

30 नोव्हेंबर
रात्री ब्लॉक होता. ज्या गाड्या काहीच पोचवत नाहीत त्या अशा वेळी बाहेर पडतात. खडीची वाघीण चालता चालता रुळांच्या कडेला खडी सोडते. मागून टॅम्पिंग मशीन रूळ उचलून धरते, पोलादी दाते खडीत खुपसते, थरथरवते आणि स्लीपरखाली खडी घट्ट बसवते. टॉवर वॅगनच्या छपरावर उभे राहून माणसे तारा दुरुस्त करतात. पहाटेपर्यंत सगळे आटोपून बाजूला होतात आणि सहाच्या गाडीतल्या प्रवाशाला काही कळत नाही.

3 डिसेंबर
मालगाडीच्या शेवटी ब्रेक व्हॅन. लहानसा डबा, दोन्ही टोकांना उघडा ओटा, आत गार्ड, ज्याला जानेवारी 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. स्टेशनवरचा माणूस गाडी जाताना शेवटच्या डब्याची खूण पाहतो. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, वाटेत कुठे तुटून राहिली नाही. मगच मागच्या गाडीला रूळ मोकळा मिळतो. माल न वाहणारा हा डबा अख्ख्या गाडीची ग्वाही देतो.

6 डिसेंबर
आज अण्णांशी दुष्काळात लातूरला पाणी नेणाऱ्या गाडीबद्दल बोलणे झाले. एप्रिल 2016. मिरजेहून पहिली गाडी निघाली आणि 12 तारखेला लातूरला पोचली: दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्या, 25 लाख लिटर. टाक्या तेलाच्याच, बीटीपीएन, कोट्याच्या कारखान्यात आतून साफ करून आणलेल्या. टाकीत सत्तर हजार लिटर मावते, पण भरले पन्नास हजारच. पाणी पेट्रोलपेक्षा जड, आणि वाघिणीला सुमारे 54 टनांची मर्यादा.

एका मालासाठी घडवलेली वाघीण परतताना बहुतेक रिकामी धावते. टाकीत गहू जात नाही, बॉबरमध्ये मोटार जात नाही. नेमकेपणाची ती किंमत आहे. लातूरला एकाच मालाचे ते बंधन ओलांडता आले, कारण कारखान्यात टाकी धुणारे, मिरजेला नळ जोडणारे आणि लातूरला विहिरीत पाणी उतरवून घेणारे हात तयार होते.

रेल्वेच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा मालगाडी मिळवते. आपले तिकीट स्वस्त राहते त्यात तिचा वाटा आहे. तरी एक्स्प्रेस आली की लूपमध्ये थांबते तीच. शाळेतल्या मुलांना इंजिनांची नावे पाठ असतात. त्यांना वाघिणींवरची अक्षरेही वाचायला शिकवायला हवीत. घरातली वीज, रेशनचा गहू, गाडीतले पेट्रोल कोणत्या वाघिणीतून आले आणि ती रिकामी करायला कोण उभे होते, हे त्यांना त्या अक्षरांवरून कळेल. पुढच्या आठवड्यापासून शनिवारची शाळा सुटली की मुलांना घेऊन पुलावर जायचे, असे अण्णांशी ठरले आहे.