तरोटा, टाकळा, चरोटा

आमच्या घरात एकाच भाजीला तीन नावं होती. आजी अचलपूरची, ती म्हणायची तरोटा. आई साताऱ्याची, तिचा टाकळा. आणि पावसाळ्यात डोक्यावर टोपली घेऊन फाटकाशी येणारी भाजीवाली दाई म्हणायची, "ए हा चरोटा आय." पहिल्या सरींबरोबर रस्त्याच्या कडेला फुकट उगवणारी ही भाजी. कोवळी पानं, ठेचलेला लसूण, सुकी मिरची, झालं. आजी दाईला जवळची मानायची, कारण दोघींच्या नावांत एका अक्षराचा फरक. आईला ती दर पावसाळ्यात ऐकवायची, "तुमच्या साताऱ्यात नाव कुठून आनलं वं हे टाकळा?" आई काही बोलायची नाही, पण ताटात वाढताना मुद्दाम म्हणायची, "टाकळा घ्या अजून."

वडील १९६१ साली भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले. पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ला सुरू झाली, त्यानंतरच्या भरतीतले ते. नोकरी कोक ओव्हनला. आधी सेक्टरमधलं क्वार्टर, मग मी सातवीत असताना मोहन नगरात स्वतःचं घर. छत्तीसगडात मराठी माणूस नवा नव्हे. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इथे अठराव्या शतकात आलं आणि १८५४पर्यंत टिकलं. पण आम्ही तलवारीवाले नव्हे, ड्यूटीवाले.

घरामागची जमीन भाटा. छत्तीसगडी शेतकरी जमिनीला नावं ठेवतो तीही ऐकण्यासारखी: काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, मधली ती डोरसा, आणि जिच्यात कुदळ मारली की खडा वाजतो ती भाटा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकायचा, अंगणात पाऊल ठेववत नसे. आईच्या मोगऱ्याने दोन उन्हाळ्यांत मान टाकली. टिकली ती आजीची झाडं. कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी, कारण दोन्हींना शेळ्या तोंड लावत नाहीत. मोरीच्या पाण्यावर गवती चहा. कोपऱ्यात कोरफड, तिच्याशेजारी पानफुटी. आणि मागच्या कडुनिंबावर चढवलेली गुळवेल. "लिंबावरची गुळवेल खरी," असं आजी म्हणे. तिच्याकडे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'आर्यभिषक्'ची पाठ निघालेली प्रत होती, पण ती उघडताना मी तिला क्वचित पाहिलं. पुस्तक बहुधा डॉक्टरवर दाब ठेवण्यापुरतं होतं.

अडुळशाचं औषध करताना मात्र बघत राहावं. कच्च्या पानाचा रस निघत नाही, वाटलं तरी नुसता चोथा. आजी पिकायला आलेली, कडेने पिवळी पडलेली पानं निवडायची. ती धुऊन, पुसून, केळीच्या पानात गुंडाळून चाळणीत ठेवून वाफवायची. दहा-बारा मिनिटांनी पान मरगळून काळपट हिरवं व्हायचं आणि घरभर ओल्या तंबाखूसारखा वास सुटायचा. मग जुन्या पंच्यात घालून पिळायची. एवढ्या ढिगातून निघायचा दोन चमचे रस, शाईसारखा. त्यात मध आणि चिमूटभर पिंपळी. आम्ही भावंडं रांगेत उभी, नाक धरून.

घेणं तीन दिवस. चौथ्या दिवशी खोकला असेल तर आजी स्वतः म्हणायची, "आता डॉक्टरकडे न्या पोट्टीले." आणि पोटुशी बाईला अडुळसा नाही म्हणजे नाही. शेजारची मिश्राईन काकी एकदा मागायला आली, तेव्हा आजीने आधी तिला कितवा महिना विचारला होता. काकी चकित झाली, तिने अजून घरातही सांगितलं नव्हतं. आजीने फक्त गवती चहा आणि आलं देऊन परत पाठवलं. पुढे वाचनात आलं की अडुळशातलं व्हॅसिसीन गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं. माझ्या मुलाच्या खोकल्याच्या बाटलीवर ब्रोमहेक्झिन हे नाव वाचलं, तेही ह्याच व्हॅसिसीनवरून घडवलेलं. बाटलीतलं गोड होतं, एवढाच त्याचा वरचढपणा.

नावांचा घोळ मात्र रोजचा. साताऱ्याचा शेवगा आजीचा मुंगणा आणि दाईचा मुनगा. भोकराच्या फुलकळ्यांची भाजी इथे बोहार भाजी. अंबाडी ती अमारी. इथवर गंमत. पण काकांना मलेरियाचा ताप आला तेव्हा वडिलांनी बाजारातून पुडी आणली, पसाऱ्याने 'चिरायता' म्हणून दिलेली. आजीने काडी मोडली, चावली आणि थुंकली. "हे काडेचिराईत नोहे. हे भुईनीम हाय." दोन्ही तितकंच कडू. एक हिमालयातलं, महाग. दुसरं छत्तीसगडच्या कुठल्याही जंगलात उगवणारं, मराठीत ज्याला पाले किराईत म्हणतात ते. पसारी लबाड होता असंही नाही, इथे भुईनीमालाच चिरायता म्हणायची रीत आहे. काकांना शेवटी क्लोरोक्विनच्या गोळ्यांनी बरं केलं. आजीने ते मान्यही केलं, पण पुडी परत करायला वडिलांना पाठवलंच.

पानफुटीचं त्याहून वाईट. हिंदीत तिला पत्थरचट्टा म्हणतात. ओव्याच्या वासाच्या जाड, लवदार पानालाही कुणी पत्थरचूर म्हणतं. आणि शास्त्रातला पाषाणभेद हा हिमालयातला तिसराच. कॉलनीतल्या कुणाला मूतखडा झाला की माणसं आमच्या फाटकाशी. आजी पानफुटीचं पान भाजून गळवावर बांधायला द्यायची, खायला द्यायची नाही. कारण तिने सांगितलं नाही, दाईने सांगितलं. तिच्या गावी एका वासराने ही पानं चरली आणि ते दुसऱ्या दिवशी उठलं नाही. "एला झन खाबे," हे खाऊ नकोस, असं ती मला बजावून गेली. ह्या जातीच्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि गुरं त्यांनी मरतात, हे पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहे. आम्हा मुलांना मात्र ते पान वहीत दाबून ठेवलं की कडांना इवली रोपं फुटतात एवढंच ठाऊक. एकदा मी सकाळी ते चाखलं, आंबट लागलं. दुपारी भावाने चाखलं, तो म्हणाला कशालाच चव नाही. दोघांची मारामारी. दोघंही खरे होतो. पानाचा आंबटपणा रात्री चढतो आणि दिवसा उतरतो, ही गोष्ट बेंजामिन हाइन नावाच्या कंपनी सरकारच्या वनस्पतितज्ज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी भारतातच जीभ लावून नोंदवली होती.

हरेलीचा दिवस आजीचा लाडका. हा सण छत्तीसगडी लोकांच्या श्रावण अमावस्येचा, ती आमची आषाढ अमावस्या, दिव्यांची अवस. आजी पाटावर दिवे मांडायची, त्याच सकाळी गुराखी राऊत येऊन फाटकाला कडुनिंबाची डहाळी खोचून जायचा. जवळच्या गावात त्या दिवशी गुरांना मीठ घातलेल्या कणकेच्या गोळ्या खम्हाराच्या पानात गुंडाळून चारतात. राऊत जंगलातून दसमूल आणि बन गोंदली आणतात, उकडून माणसांनाही देतात. खम्हार म्हणजे आपली शिवण. आयुर्वेदातल्या दशमुळांतलं एक मूळ तिचंच, हे कळल्यावर आजीला झालेला आनंद मी अजून विसरले नाही. राऊताला तिने चहा दिला, वर बत्तासे. पुढची पाच-सहा वर्षं तो आधी आमच्याकडेच यायचा.

ह्या सगळ्यात तिने मला शिकवायचा प्रयत्न केला. "नाव इचारू नोको. आधी पान हातात घे." गुळवेलीची काडी ती कोयत्याने आडवी छाटायची आणि कापलेला भाग माझ्या डोळ्यांपुढे धरायची. आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे. वरची राखाडी साल नखाने ओढली की कागदासारखी सुटते, खाली हिरवीगार. पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. मी मान डोलवायची. मला तेव्हा बाहेर लगोरी खेळायची असे.

आजी १९९१ साली गेली. घराला वरचा मजला चढवताना कडुनिंब तोडावा लागला, त्याबरोबर वेलही गेली.

२०२०चं करोनाचं साल आलं आणि एकाएकी सगळ्या कॉलनीला गुळवेल हवी झाली. टीव्हीवर काढा, फोनवर काढा. मी तर ह्या विषयातली जाणकार, आजीची नात! एका ओळखीच्या गृहस्थांनी आपल्या कुंपणावरची लांबच लांब वेल तोडून दिली, "लीजिए भाभीजी, असली गिलोय." बदामी आकाराचं पान, दोऱ्यासारखी मुळं. मी काडी कापून पाहिली नाही. रोज सकाळी वीतभर काडी ठेचायची, चार कप पाण्याचं एक कप करायचं आणि प्यायचं. आजीच्या औषधाला तीन दिवसांची मुदत असे. मी सप्टेंबर ते डिसेंबर, एकही दिवस न चुकता घेतलं. उरलेलं शेजारणींना.

जानेवारीत अन्नावरची वासना गेली. मग लघवी गडद, मग आरशात डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा. तपासणीत एसजीपीटी चाळीसच्या आत असायला हवं, माझं सातशेच्या वर. काविळीच्या सगळ्या चाचण्या कोऱ्या. डॉक्टरांनी विचारलं, काही औषधं चालू आहेत का. मी म्हटलं, नाही. हे उत्तर मी दोनदा दिलं, आणि खोटं बोलतेय असं मला एकदाही वाटलं नाही. काढा म्हणजे औषध थोडंच! तिसऱ्या भेटीत लेकीने मध्येच सांगितलं, "आई रोज गिलोय पिते." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

काढा बंद केल्यावर अडीच महिन्यांत आकडे खाली आले. त्याच वर्षी बातमी वाचली. मुंबईतल्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० ह्या काळातले यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. सहाही जण गुळवेल घेत होते. महिने तेच, माझे. त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, तिच्या जातभाई वेलीही तशाच दिसतात. डॉक्टर मंडळी म्हणतात वेलीने झालं, वैद्य मंडळी म्हणतात दुसऱ्या वेलीने झालं. वाचताना मला आजीचा कोयता आठवला.

मी त्या गृहस्थांच्या कुंपणाशी गेले. त्यांच्या वेलीचं पान उलटं केलं. खालून मखमलीसारखी लव. पान गुळवेलीचं नव्हतं, तिच्या बहिणीचं होतं. ही बहीणही वैद्यकात वापरतात, त्यामुळे तिच्यावर सगळा ठपका ठेवून मोकळं होता येत नाही. चार महिने रोज घेण्याचा हट्ट माझाच होता. गृहस्थांना मी काही बोलले नाही. ज्या शेजारणींना वेल दिली होती त्यांच्याकडे मात्र घरोघर गेले. चौघींपैकी तिघींनी आठवड्यातच कंटाळून सोडली होती. त्यांच्या आळसाचे मी मनोमन आभार मानले. चौथीला तपासणी करायला लावली, ती नीट निघाली.

मग दाईच्या सुनेला सांगून तिच्या गावच्या लिंबावरची वेल मागवली. आता भाजीचा पसरा तीच लावते. काडी कापली, आरे पाहिले, साल ओढली, पान उलटसुलट केलं. बोटभर तुकडा तारेला नुसता अडकवून ठेवला, माती नाही, पाणी नाही. तीन आठवड्यांनी त्याला कोंब आला. संस्कृतात हिला छिन्नरुहा म्हणतात, तोडली तरी उगवणारी. आता ती फाटकाच्या कमानीवर आहे. मी तिचा काढा घेत नाही. येणारा-जाणारा मागतो, तेव्हा काडी आधी त्याच्यासमोर कापून दाखवते, आणि किती दिवस घेणार, यकृताचा त्रास आहे का, हे विचारल्याशिवाय देत नाही. लोकांना ते आवडत नाही. दोन जण रागावून गेलेही.

तुमच्याकडेही कुंडीत, कुंपणावर काहीतरी असेलच, आणि ते घेत असाल तर खुशाल घ्या. फक्त डॉक्टर विचारतात ना, "काही औषधं चालू आहेत का?", तेव्हा काढ्याचं नाव सांगा. आणि जमलं तर पिशवीत एक पान घेऊन जा.