दोनच्या आत मुक्कामाला

आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरणाऱ्या अमेरिकन म्हाताऱ्यांमध्ये एक नियम चालतो. दिवसाला फार तर २०० मैल, दुपारी दोनच्या आत मुक्काम आणि तिथे निदान दोन रात्री. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींना हा शुद्ध आळस वाटतो. पहाटे चारला निघून वाटेत दोन नॅशनल पार्क उरकले आणि रात्री अकराला हॉटेल गाठलं, की त्यांची सुटी वसूल. पण २५ फुटी मोटरहोम म्हणजे कार नव्हे. ते उतारावर ढकलतं, वाऱ्यात हलतं, पेट्रोल पंपाचं छत किती उंच आहे हे बघूनच आत घालावं लागतं. चालवणारा सत्तरीचा असेल तर तिसऱ्या तासाला त्याचे खांदे भरून येतात. म्हणून प्रवासाचा दिवस आखायचा तो थांब्यांवरून, मैलांवरून नाही.

न्यू मेक्सिकोतलं गॅलप ते ॲरिझोनातलं मिटिऑर क्रेटर हा आमचा आवडता टप्पा. इंटरस्टेट ४० वरून, मधलं पेट्रिफाइड फॉरेस्टचं वळण धरून साधारण १७० मैल.

तयारी आदल्या संध्याकाळची. दशम्या आणि बटाट्याची सुकी भाजी करून ठेवायची, कुकर सिंकमध्ये टॉवेलात गुंडाळून बसवायचा, मिसळणाच्या डब्याला रबर लावायचं. हळद एकदा गालिच्यावर सांडली की ती गाडीबरोबरच विकावी लागते. सकाळी आधी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, रिकामी करायची, मग ग्रे. म्हणजे आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. पाण्याचा पाइप, विजेची केबल, छतावरच्या खिडक्या, पायरी, चाकाखालचे ठोकळे. टायरची हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच बघायची. गाडी चालताना गॅस चालू ठेवावा की बंद, यावर आरव्हीवाल्यांत दोन तट आहेत. मी बंदवाली. फ्रिज गॅसवर चालतो खरा, पण दार उघडलं नाही तर चार तास सहज गार राहतो. शेवटी मी यादी वाचते, नवरा एकेका गोष्टीला हात लावून ‘हो’ म्हणतो. नुसतं मान डोलावलेलं चालत नाही.

राज्याची सीमा ओलांडली की उन्हाळ्यात एक तास फुकट मिळतो, कारण ॲरिझोना घड्याळं पुढे करत नाही. तिथल्याच नावाहो राष्ट्राच्या भूमीत मात्र करतात, त्यामुळे फोनवरच्या वेळेचा भरवसा धरू नये. वसंतात या पट्ट्यात आडवा वारा सुटतो, कधी धूळ उठते. धुळीत सापडलात तर गाडी रस्त्यापासून होईल तितकी लांब घ्यायची, सगळे दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. दिवे चालू राहिले तर मागचा ट्रकवाला त्यांनाच रस्ता समजून थेट तुमच्यावर येतो.

पहिला मोठा थांबा पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्क. प्रवासाच्या दिवशी प्रेक्षणीय स्थळ घ्यायचं नाही हा माझा हट्ट, पण इथे अपवाद, कारण इथला २८ मैलांचा रस्ता तुम्हाला उत्तरेकडून आत घेतो आणि दक्षिणेकडून पुढच्याच वाटेवर सोडतो. पार्किंगसाठी झटापट नाही, आल्या वाटेने परतणं नाही. आत जुना रूट ६६ जिथून जायचा तिथे १९३२ ची एक गंजकी स्टुडबेकर उभी आहे आणि टेलिफोनच्या खांबांची ओळ गेलेल्या रस्त्याची रेघ दाखवते. पुढे दगड झालेली झाडं. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे हे ओंडके नदीच्या गाळात पुरले गेले, ज्वालामुखीच्या राखेतली सिलिका पाण्यातून त्यांच्यात झिरपली आणि लाकडाची गारगोटी झाली. लोखंडाने तिला तांबडा-पिवळा रंग दिला. खडा उचलायला सक्त मनाई आहे. तरी लोक नेतात, मग पस्तावून पत्रासह पोस्टाने परत पाठवतात. तो खडा मूळचा कुठला हे कळत नसल्याने तो जागेवर ठेवता येत नाही. अशा परत आलेल्या दगडांचा वेगळा ढीग आहे.

दुपारचं जेवण इथेच, स्वतःच्या टेबलावर. दशमी, भाजी, ताक. मग नवऱ्याने वीस मिनिटं पाठ टेकायची, हाही थांबाच. आरव्हीचा मला कळलेला खरा फायदा हाच, की पलंग आपल्यामागून येतो.

होलब्रुकला पेट्रोल. विन्स्लोला ईगल्सच्या १९७२ च्या गाण्यातला तो प्रसिद्ध कोपरा आहे. फोटो काढायचाच असेल तर काढा, आम्ही आता थांबत नाही.

मुक्कामाच्या जागी गाडी मागे घेताना मराठी संसाराची परीक्षा असते. ‘अहो, डावीकडे!’ यात कुणाची डावी, हा प्रश्न सुटलेला नाही. म्हणून बोलणं बंद, फक्त हात. माझा हात आरशात दिसेनासा झाला की गाडी जागेवर थांबलीच पाहिजे. दोनला पोचलो तर हे सगळं उजेडात आणि शांतपणे होतं. सात वाजता, उपाशी, अंधारात हेच काम भांडणाचं होतं.

क्रेटर तिथून पाच-सहा मैलांवर, पण त्याच दिवशी जायचं नाही. माझं माहेर मेहकरचं, लोणारचं उल्काविवर लहानपणापासून पाहिलेलं. लोणारचा व्यास साधारण १.८ किलोमीटर, याचा १.२. ते काळ्या पाषाणातलं, खाऱ्या पाण्याने भरलेलं. हे कोरडं ठणठणीत, ५०,००० वर्षांपूर्वीचं, तरी काठ अजून कोवळे. अशा ठिकाणी दमून गेलं तर भोकच दिसतं.

तुमचं बासष्ट उलटलं असेल आणि सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्ड असेल, तर नॅशनल पार्कचा ८० डॉलरचा तहहयात सीनियर पास आधी काढा. गाडी मात्र विकत घेऊ नका. आठवडाभर भाड्याने घ्या, आणि कुठेही एकाच रात्रीचं बुकिंग करू नका.