न थांबणारा ओघळ

खोटं रक्त लाल करणं कुणालाही जमतं. ते जागच्या जागी थांबवणं फार थोड्यांना जमतं. कपाळावर जखम काढून झाली, भुवईवरून एक ओघळ सोडला, आणि तो गालाच्या हाडापाशी थांबायला हवा असं दिग्दर्शकानं सांगितलं, की रंगभूषाकाराचा खरा दिवस सुरू होतो. पहिल्या टेकला ओघळ गालावर असतो, लाइट बदलेपर्यंत हनुवटीवर पोचतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कॉलरमध्ये सापडतो. पडद्यावरची दोन मिनिटं चित्रित व्हायला दिवस जातो. ओघळाला हे कुणी सांगत नाही.

शरीरातलं रक्त समजूतदार असतं. वेग मंदावला की त्यातल्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि ते घट्ट होतं. जोरात वाहताना तेच पातळ असतं. शिवाय काही मिनिटांत ते गोठू लागतं, कडेनं सुकतं, तपकिरी पडतं. साखरेचा पाक मात्र हळू वाहो की जोरात, त्याचा घट्टपणा तेवढाच. उभ्या गालावर तो डोळ्याला कळणार नाही इतका सावकाश, पण सरकतच राहतो.

प्रस्तुत लेखकानं आयुष्याचा मोठा भाग या सरकण्यावर घालवला आहे. रंगाबद्दल त्याचं कुणाशी भांडण नाही. मुंबईत मक्याच्या पाकाऐवजी मिठाईवाल्यांकडचं लिक्विड ग्लुकोज वापरायचं, खाण्याचा लाल रंग निळसर झाक मारतो म्हणून त्यात पिवळा टाकायचा, हे या धंद्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. ओघळाचं शेवटचं टोक कसं अडवायचं, एवढाच प्रश्न उरतो. व्हॅसलीनचा बारीक बांध घातला तर टोकाशी थेंब फुगतो आणि क्लोजअपमध्ये तो थेंबच नट होऊन बसतो. आधी लवकर सुकणाऱ्या रक्तानं ओघळ रंगवून वर ग्लिसरीनची चमक दिली तर कंटिन्युइटी सांभाळली जाते, पण नटानं मान वळवली की ते चित्र आहे हे कळतं. पावसाळ्यात ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. गोरेगावच्या फिल्मसिटीत जुलैच्या दुपारी, सकाळी अडवलेला ओघळ पुन्हा चालू लागतो.

या धंद्याचं दैवत डिक स्मिथ. ‘द गॉडफादर’ (१९७२), ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३), ‘टॅक्सी ड्रायव्हर’ (१९७६) या चित्रपटांच्या मेकअपमागे त्याचा हात होता. त्याच्या रक्तात मक्याचा पाक, लाल-पिवळा खाद्यरंग आणि पाक टिकावा म्हणून मिथाइल पॅराबेन असे. खरी करामत होती ती कोडॅकच्या फोटो-फ्लोची. हे डार्करूममधलं रसायन, धुतलेल्या फिल्मवर पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून वापरलं जाणारं. ते घातलं की पाक त्वचेवर मण्यांसारखा न राहता पसरतो आणि कापडात मुरतो. ते विषारी, त्यामुळे तोंडातून येणारं रक्त वेगळं करावं लागे.

म्हणजे स्मिथनं सोडवली ती बरोबर उलटी अडचण. रक्त कापडात शिरत नव्हतं, ते त्यानं शिरवलं. त्याचा ओघळ आमच्याहून दूर जात असणार! गोळीबारात अंगरखा भिजवायचा तर त्याच्या पाककृतीला तोड नाही. संथ, एकट्या जखमेसाठी मात्र ती आंधळेपणानं वापरणाऱ्यांची प्रस्तुत लेखकाला कीव येते. ‘टॅक्सी ड्रायव्हर’च्या शेवटच्या गोळीबारात तर सेन्सॉरचा कडक शेरा टाळण्यासाठी दिग्दर्शक स्कॉर्सेसीनं रंगच फिके करून घेतले. इतक्या निगुतीनं जमवलेल्या लालीचं असं व्हावं, हे कुठल्याही रंगभूषाकाराला जिव्हारी लागेल.

कृष्णधवल काळातल्या मंडळींचा मात्र हेवा वाटतो. ‘सायको’ (१९६०) मध्ये न्हाणीघरात वाहतं ते चॉकलेट सिरप. जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘सांजुरो’मध्ये (१९६२) शेवटच्या द्वंद्वात छातीतून उसळणारा फवाराही चॉकलेटचाच, दाबाखाली सोडलेला. त्यांना फक्त काळेपणा जमवायचा होता. रंग आला आणि हाल सुरू झाले. इंग्लंडच्या हॅमर कंपनीनं १९५७ मध्ये ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ रंगीत काढला, तेव्हापासून तिच्या भडक लाल रक्ताची चेष्टा करणं ही फॅशनच झाली. पण त्याच देशात डॉर्सेटमध्ये जॉन टाइनगेट नावाचा निवृत्त औषधविक्रेता ‘केन्सिंग्टन गोर’ हे रक्त बनवायचा, आणि ते वेगवेगळ्या घट्टपणात, वेगवेगळ्या छटांत मिळायचं. रक्ताला वय असतं, हे त्या माणसाला उमगलं होतं.

रंगभूषाकार टॉम सॅव्हिनीला ‘डॉन ऑफ द डेड’साठी (१९७८) थ्रीएम कंपनीचं तयार रक्त मिळालं. पडद्यावर ते इतकं चकाकलं की सॅव्हिनीनं पुढं त्या रक्तावर जाहीर टीका केली. दिग्दर्शक रोमेरोला मात्र ते चित्रकथेसारखं वाटलं आणि आवडलं. इथं प्रस्तुत लेखक सॅव्हिनीच्या बाजूनं आहे. पाकाची तऱ्हा आणखी वेगळी. ‘द इव्हिल डेड’मध्ये (१९८१) पाकाच्या रक्तानं माखलेला नायक ब्रूस कॅम्पबेलचा शर्ट शेकोटीपाशी सुकवायला ठेवला, तर तो कडक होऊन चक्क मोडला. साखर एकतर वाहते, नाहीतर दगड होते. मधली अवस्था, म्हणजे नेमकी जी हवी ती, तिला येत नाही.

‘सैराट’च्या (२०१६) शेवटी लहानगं पोर रक्तात पाय बुडवून अंगणात येतं आणि त्याची पावलं उमटत जातात. थिएटर सुन्न झालेलं असताना प्रस्तुत लेखक पायाचे ठसे बघत होता. ठसा उमटायला रक्त तळव्याला धरलं पाहिजे आणि जमिनीला सोडलंही पाहिजे. शेजारी बायको रडत होती. तिनं एकदा वळून पाहिलं आणि तो कशाकडे बघतोय हे ओळखून जे तोंड फिरवलं, ते घरी येईपर्यंत. ही विकृती आहे हे त्याला मान्य आहे. पण प्रत्येक सिनेमात तो दुसऱ्याच्या ओघळाचं टोक शोधतो, आणि ते चुकलेलं दिसलं की बरं वाटतं.

म्हणूनच एका वेबमालिकेच्या सेटवर दिग्दर्शकानं हसतमुखानं रक्ताची बाटली परत केली, तेव्हा लागलं. ‘दादा, तुम्ही फक्त जखम द्या. ओघळ पोस्टमध्ये टाकू.’ त्यात नवल काही नाही. दिग्दर्शक डेव्हिड फिंचरनं ‘झोडिॲक’मध्ये (२००७) रक्त संगणकावरच केलं, कारण प्रत्येक टेकनंतर कपडे बदलणं आणि पुसापुशी यात त्याला वेळ घालवायचा नव्हता. वेळेच्या हिशेबात त्याचं बरोबर आहे. त्या मालिकेतला ओघळही सांगितल्या जागी थांबला, केसभर इकडेतिकडे न होता. आयुष्यभर जे हवं होतं ते समोर दिसलं आणि ते दुसऱ्या कुणीतरी माऊस धरून केलेलं होतं. त्यात खोट काढायला दोनदा पाहावं लागलं. मग सापडली: भुवईतून उतरताना रक्तानं एकही केस ओला केला नव्हता. ही गोष्ट त्यानं नंतर जरा जास्तच लोकांना सांगितली.

हाताखालच्या मुलीला मात्र या भांडणात रस नाही. केकवाल्यांकडे मिळणारा झँथन गम तिनं रक्तात चिमूटभर घातला. हा डिंक ढवळताना पातळ होतो आणि स्थिर झाला की घट्ट, म्हणजे शरीरातल्या रक्तासारखाच वागतो. ओघळ थांबला. पण बुडबुडे आत अडकून राहतात, आणि प्रमाण जरा वाढलं की तार सुटते, मग शेंबूड दिसतो. ‘दादा, फोटो-फ्लोसारखं काही थोडं घालून बघायचं का?’ ती विचारते. घातलं की ओघळ पुन्हा चालू लागतो. सध्या दोघं तिथंच अडकले आहेत.

स्मिथनं आपली गुपितं कधी लपवली नाहीत. १९६५ मध्ये त्यानं मुलांसाठी राक्षसांच्या मेकअपचं पुस्तक काढलं, पुढं स्वतः रंगभूषाकार झालेल्या रिक बेकरला त्याच्या शाळकरी वयात पत्रांतून शिकवलं. २०११ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं, तेव्हा जगभर त्याचे शिष्य होते. ती मुलगीही प्रत्येक मिश्रणाचं प्रमाण वहीत लिहिते आणि वही टेबलावर उघडी टाकून जाते. प्रस्तुत लेखक ती वाचतो. ग्लिसरीनचं त्याचं स्वतःचं प्रमाण त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही; विचारलं की म्हणतो, आधी चहा होऊ दे.