विजापूरला मुक्काम करावा की नाही?

खरिपाची रास घरात आली, रब्बीची ज्वारी गुडघ्याच्या वर गेली की आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावागावांतून गाड्या निघतात. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशी देवाची वाट ठरलेली असते. परतताना गाडीतला कोणीतरी म्हणतो, "एवढे आलोच आहोत तर विजापूरचा गोल घुमट बघून जाऊ." मग विजापूरच्या वाट्याला दोन तास येतात.

आम्हीही एकदा असेच गेलो. भर दुपारी दीडला पोचलो तर शाळांच्या तीन सहली आमच्या आधी हजर. वरच्या सज्जात पोरांचा असा गलका, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती खालीच बसून राहिली. ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत होता. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "एवढा खर्च करून आवाजच ऐकायचा, तर आपला आठवड्याचा बाजार काय वाईट होता?"

ते बोलणे मनाला लागले. यंदा ठरवले, आईला घेऊन जायचे ते फक्त विजापूरलाच. मग प्रश्न आला, किती दिवस?

घरात दोन दुभती जनावरे. मुलगा म्हणाला तीन दिवस, घरातल्या बाईमाणसांनी बोटे मोजली आणि म्हणाल्या एक. शेवटी हिशेब धारांवर आला. सकाळची धार काढून नऊला निघायचे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या धारेला परत यायचे. म्हणजे दिवस दोन, पण शेजाऱ्यावर भार दोनच धारांचा. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटर, रेल्वेही आहे आणि बसही. सरकारदरबारी २०१४ पासून शहराचे नाव विजयपुर झाले आहे, तेव्हा पाटी वाचताना गोंधळू नये.

आता या दोन अर्ध्या दिवसांत काय आधी पाहावे, हे महत्त्वाचे. गोल घुमट शहराच्या पूर्व टोकाला, रेल्वे स्टेशनजवळ आहे. तो समोर दिसतो म्हणून माणसे आधी तिकडेच धावतात आणि इथेच चुकतात. दुपारी पोचलात तर घुमटाकडे पाठ करा आणि टांगा किंवा रिक्षा करून थेट पश्चिम टोकाला इब्राहिम रोजाला जा. दुसरा इब्राहिम आदिलशहा १६२७ साली वारला, त्याची ही कबर. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मध्ये हौद. दगडात कोरलेली अक्षरे आणि जाळ्या अशा, की सुतारानेही लाकडावर काढताना विचार करावा. हा राजा संगीताचा वेडा होता. इथे चढ फार नाही. म्हाताऱ्या माणसांना निवांत बसता येते. आई इथे तासभर बसली, जागची हलेना.

जवळच ताजबावडी आहे. कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंचे अष्टकोनी बुरूज पाहून ही विहीर आहे असे आधी वाटतच नाही. शेतकऱ्याने विजापुरात खरे लक्ष द्यावे ते पाण्याकडे. हा मुलूख आपल्यासारखाच, पावसाची हमी नसलेला, आणि त्यात लाखांची वस्ती. महंमद आदिलशहाने १६५१ मध्ये शहराच्या दक्षिणेला बेगम तलाव बांधला आणि भाजक्या मातीच्या नळांनी पाणी शहरात आणले. वाटेत जागोजागी दगडी मनोरे उभे केले. त्यांना गंज म्हणतात. नळात दाब वाढून नळ फुटू नये आणि गाळ खाली बसावा, यासाठी ते. आपण पाइपलाइनवर व्हॉल्व्ह बसवतो ना, त्याचेच हे थोरले भावंड! त्यातले काही मनोरे आजही शहरात उभे आहेत. लोक त्यांच्या सावलीत गाड्या लावतात आणि पुढे जातात.

मग मुलूखमैदान तोफ. अहमदनगरला १५४९ साली ओतलेली, वजन पंचावन्न टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि जबड्यात हत्ती. परांड्याच्या किल्ल्यावरून ती १६३२ मध्ये इथे आणली. १८५४ साली इंग्रजांनी ती लिलावात काढली तर बोली दीडशे रुपयांवर थांबली, म्हणून विक्री रद्द झाली. आमच्या मुलाने विचारले, एवढी तोफ नेली कशी असेल? चिखलात रुतलेला उसाचा ट्रॅक्टर आठवा आणि तुम्हीच उत्तर काढा. पलीकडचा उपली बुरूज तरण्या पोरांनी चढावा, बाकीच्यांनी खाली चहा घ्यावा.

रात्री मुक्काम साध्या लॉजवर. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, भरले वांगे. घरचेच जेवण, पण शेंगाचटणी आपल्यापेक्षा सरस, हे कबूल केले पाहिजे. संक्रांतीला इथे सिद्धेश्वराची मोठी जत्रा असते. त्या दिवसांत खोली मिळणे कठीण. जत्राच बघायची असेल तर गोष्ट वेगळी.

काही जण म्हणतील, एक दिवस वाढवून बसवेश्वरांचे बागेवाडी आणि अलमट्टीचे धरण करावे. जरूर करावे. पण बदामीही त्यातच कोंबू नका, ती स्वतंत्र फेरी आहे.

दुसऱ्या दिवशी दार उघडताच आम्ही गोल घुमटात होतो. महंमद आदिलशहाची ही कबर. शहाजीराजे याच बादशहाच्या चाकरीत होते. तो १६५६ मध्ये वारला. आतली मोकळी जागा सुमारे १८ हजार चौरस फूट, म्हणजे जवळजवळ सतरा गुंठे, आणि मध्ये एक खांब नाही. आमच्या गोठ्याला वीस फुटांवर खांब द्यावा लागला!

कोपऱ्याच्या मनोऱ्यातून अरुंद जिना वर जातो. आईने जिन्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आज घाई नाही ना? मग चढते." सात मजले. प्रत्येक मजल्यावर झरोक्याशी बसली, वारा घेतला, पुन्हा उठली. पाऊण तास लागला. आमच्या मागे कोणी नव्हते, खाली कोणी हॉर्न वाजवत नव्हते.

घुमटाच्या आत, शंभरावर फूट उंचीवर, सभोवार फिरणारा सज्जा आहे. मुलाला समोरच्या बाजूला पाठवले. मधले अंतर सव्वाशे फूट. आईला सांगितले, भिंतीशी तोंड नेऊन हळू बोल. तिने पदर सावरला, भिंतीशी वाकली. ती काय पुटपुटली ते शेजारी उभ्या मला कळले नाही. पलीकडे मुलगा मात्र खो-खो हसू लागला, आणि ते हसणे घुमटात पुन्हा पुन्हा फिरत राहिले.

धावत परत येऊन त्याने सांगितले, "आजी विचारते, सकाळची धार काढली असेल का रे?"